एकच बेल मारायची होती

बिरू,

काल तुझं तेरावं झालं. मी खीर दोनदा घेतली. वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलंय असं शेजारच्या माणसाला सांगितलंसुद्धा, आणि हात धुताना एकदम ध्यानात आलं की हे जेवण कुणाचं आहे. तेव्हाही रडू आलं नाही. तेरा दिवस असंच चाललंय. उठतो, चहा घेतो, सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा अंगठ्यानं दाबून बघतो आणि परत आत येऊन बसतो. बायको म्हणते, एकदा मोकळं व्हा. मोकळं व्हायला आत काहीतरी साठलेलं असावं लागतं. मला शेवटच्या थांब्यावर सगळे उतरून गेलेल्या गाडीसारखं वाटतंय.

परवा येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. सगळा जिल्हा शेतात जाणार, आंबील पिणार, भज्जी-भाकरी खाणार. आणि येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आपण दोघं निघणार होतो. तुझ्या दोनशे पानी वहीत पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं आहे. 'सुटणार ६.००.' खाली रेघ. ती वही सध्या माझ्याकडंच आहे, परत द्यायला हवी.

लोक विचारतात, तुमचं नातं काय होतं? मी सांगतो, तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. पुढचं त्यांना कळत नाही. एकाच एसटीवर बावीस वर्षं काढली की माणूस भावाच्या पुढं जातो, हे त्यांना कसं सांगायचं? भावाची पाठ कुणी बावीस वर्षं बघितलेली नसते. मी तुझी पाठ बघितली. तुझा शर्ट कॉलरपाशी कुठं विरतो, चिडलास की मान कुठल्या बाजूला वळते, सगळं मला माहीत होतं. चेहऱ्यापेक्षा पाठ जास्त ओळखीची. म्हणूनच त्या दिवशी मला दिसलं, आणि दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण त्यावर नंतर येतो.

ट्रिपचं खूळ तुझंच. आपली सास्तूरची वस्तीची गाडी होती. संध्याकाळी पोचायचं, गाडी गावात लावायची आणि सकाळची पहिली फेरी घेऊन धाराशिवला परतायचं. त्या दिवशी गाडी लावून आपण पायरीवर बसलो होतो. रिटायर व्हायला दोघांनाही वर्षभर उरलं होतं. तू भाकरीवर शेंगाची चटणी घेतलीस आणि विचारलंस,

"मास्तर, ही तेरणा जाती कुठं रं?"

माकणीच्या धरणात, मी म्हणालो.

"ते ठावं हाय मला. त्याच्या म्होरं?"

मी मोबाइलवर बघितलं. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, गोदावरी समुद्राला. तू भाकरीचा तुकडा हातातच धरून बसलास.

"म्हंजी आपल्या ढोकीचं पाणी समुद्रात जातंय?"

"जातं की."

"मग आपुन बी जाऊ."

मला वाटलं, थट्टा करतोयस. पण तू गंभीर होतास. म्हणालास, "माझा बाप मेंढरं घिऊन ह्याच नदीच्या काठानं हिंडला. त्याला काठावरचं झाडन्‌झाड ठावं होतं. म्या बसलो स्टेरिंगवर. तीस वर्षं निस्ता म्होरला रोड बघितला. तुझं बरं हाय, तुला खिडकीतनं समदं दिसायचं." खिडकीतून मला तिकिटाचे हात सोडून काही दिसायचं नाही, हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? आता काय फरक पडतो म्हणा.

पुढं वर्षभर दुसरा विषय नव्हता. ट्रिपचं सगळं तू ड्युटीसारखं लावलंस. वहीत रकाने पाडलेस: सुटणार, पोचणार, वस्ती. वस्तीच्या गावापुढं कंसात 'देऊळ' किंवा 'शाळा'. कंट्रोलर म्हणून वहिनींची नेमणूक. रोज संध्याकाळी त्यांना फोन करून गाडी कुठवर आली ते सांगायचं, असा नियमही लिहिलास. वहिनी म्हणाल्या, "मला पगार किती?" तू म्हणालास, "समुद्राचं पाणी बाटलीत आणतो."

आणि आपलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

तुझं म्हणणं असं की पाणी खाली जातं. आपण पाण्यासंगं जाणार. म्हणजे ढोकीपासून समुद्रापर्यंत उतारच उतार. चढ लागायचा प्रश्नच नाही. "सायकल निस्ती सोडायची, मास्तर. पाय मारायचंच काम न्हाय." मी डोक्याला हात लावला. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस असं बोलतो! अरे, नदी खोलातनं जाते, रस्ता खोलातनं कोण बांधतं? रस्ता टेकाडावरून जातो, नदी ओलांडायला खाली उतरतो आणि परत वर चढतो. पण तुझा माझ्यावर विश्वास नव्हता. तुझं ठाम मत, रस्त्यातलं मला काही कळत नाही. "तू तिकिटं फाड." हे उत्तर तू मला बावीस वर्षं दिलंस.

तुझी चूक कुठं होती ते मला नंतर कळलं. तुला चढ माहीतच नव्हते. चढ गाडीनं चढलेले, तू फक्त गिअर बदललेला. ढोकीहून धाराशिवकडं येताना जो चढ लागतो, त्याला तू म्हणायचास, "त्यो काय चढ हाय व्हय? सेकंड टाकला की संपला."

एकदा मी तुला नकाशावर दाखवलं, मांजरा तेलंगणात गेल्यावर सरळ जात नाही, उत्तरेला वळते, जवळजवळ मागं फिरते. मला वाटलं, आता हा अडकला. तू चष्मा लावून बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "आगं बया. ही तर रिव्हर्स बी घेती." मी हसून हसून बेजार. आत्ता लिहितानाही हसू आलं. चाललंय काहीतरी आत, म्हणजे.

माझ्या पोरानं पुण्याहून गिअरची सायकल पाठवली. तुलाही तसलीच घेऊ म्हणालो तर तू तुझी जुनी काळी बावीस इंची बाहेर काढलीस. "गिअर टाकून टाकून मनगट झिजलं माझं. आता न्हाय टाकणार." पटवायला गेलो तर तुझी मान डावीकडं वळली, म्हणजे विषय संपला. मग तू तुझ्या सायकलची बेल काढलीस. पान्यानं सोडवलीस, फडक्यात गुंडाळलीस. मी विचारलं, हे काय? तर म्हणालास, "बेल मास्तरकडं. म्या म्होरं, तू मागं. एक मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. नियम बदलायचा न्हाय." मी ती माझ्या हँडलला बसवली.

बेलचा हा नियम तू जसा पाळलास तसा कुणी पाळलेला मी बघितला नाही. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. दारात कोण लोंबकळतंय, कुणाचं लुगडं पायरीत अडकलंय, त्याला काय कळणार? दोन बेल झाल्याशिवाय तू कधी गाडी हलवली नाहीस आणि एक वाजली की आधी ब्रेक दाबलास, कारण नंतर विचारलंस. आठवड्याच्या बाजारादिवशी एकदा मी चुकून दोरीला धक्का दिला होता. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागं ट्रॅक्टरची रांग, हॉर्न, शिव्या. तू शांत. "मास्तरनं मारली म्हंजी कायतरी असंल," एवढंच बोललास. मी चूक कबूल केली तेव्हा म्हणालास, "असू दे. उगंच थांबलेलं परवडतं."

आता त्या दिवसाचं.

ट्रिपच्या आधी एक पूर्ण दिवस सायकल चालवून बघायची, हे माझं म्हणणं. धाराशिव ते ढोकी, तिथून तेर, आणि परत. जाताना थंडी होती, तू कानाला मफलर बांधलेला. कारखान्याच्या अलीकडं उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, तू प्रत्येक गाडीवानाला हात करत गेलास. तेरला नदीत पाय सोडून बसलो. तू ओंजळीत पाणी घेऊन म्हणालास, "जा बाबा म्होरं, आलोच आमी." फार खूश होतास. तुला इतकं खूश मी तुझ्या पोरीच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

परत येताना तो चढ लागला, सेकंडवाला. तू पुढं, मी मागं. मी गिअर टाकत आरामात येत होतो. तू उभा राहून पायडल मारायला लागलास. मग तुझी पाठ वाकली. दमल्यावर तुझी पाठ वाकायची ती मला माहीत आहे. ही तशी नव्हती. तू उजवा हात काढून छातीवर ठेवलास आणि एका हातानं सायकल चालवत राहिलास. माझा अंगठा बेलवर होता, बिरू. मला वाटलं, थांबवावं. मग वाटलं, वरपर्यंत गेला तर जाऊ दे, मध्येच उतरवलं तर चिडेल, चढ होता हे त्याला कबूल करावं लागेल. खरं सांगू? भांडण मी जिंकत होतो आणि मला त्याची मजा वाटत होती. मी बेल मारली नाही.

तू वर पोचून मोरीच्या कठड्यावर बसलास. थंडीचे दिवस आणि शर्ट घामानं चिकटलेला. ओठ पांढरे. मी पाणी दिलं, दोन घोट घेतलेस.

"पित्त हाय. सकाळी मिरच्या खाल्ल्या."

"डॉक्टरला दाखवू."

"दावू की. ट्रिप हून जाऊ दे." मग म्हणालास, "आत्ता दावलं तर ते म्हणणार, सायकल बंद. समुद्र बघू दे मास्तर. आल्यावर तू म्हणशील तिथं येतो. आन्‌ घरी बोलू नको."

मी म्हणालो, "बरं."

लोकांना सांगताना मी म्हणेन, मित्राचा शब्द मोडवला नाही. तसं सांगायला चांगलं वाटतं. पण तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग? मलाही जायचं होतं. रिटायर झाल्यापासून घरात मी खुर्चीसारखा पडून होतो. गल्लीत सगळ्यांना सांगून बसलो होतो, समुद्रापर्यंत जाणार म्हणून. तू डॉक्टरकडं गेलास तर ट्रिप मोडणार, हे मलाही कळत होतं. त्या 'बरं'मध्ये निम्मा वाटा माझा होता. निम्म्याहून जास्तच.

घरी आलो. ओट्यावर बसलो, वहिनींनी चहा आणला. तू गप्प होतास. वहिनींनी माझ्याकडं बघून विचारलं, "कसा झाला भाऊजी रोड?"

मी म्हणालो, "मस्त."

त्यानंतर सोळा दिवसांनी सकाळी तू अंगणात पाणी भरता भरता खाली बसलास. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून तेरणेत सोडली. तुझ्या पोरानं सोडली, मी काठावर उभा होतो. कुणीतरी म्हणालं, गेला बिचारा, पाण्यासंगं गेला. मला पटकन तुझं बोलणं आठवलं, पाण्यासंगं उतारच की. आणि बघ माझी खोड, मी मनात लगेच उत्तर दिलं: माकणीला धरण आहे. दरवाजे उघडेपर्यंत तिथंच अडकशील. तिथं उभा राहूनसुद्धा मी तुझ्याशी भांडत होतो. दुसरं काही सुचलंच नाही.

तेरावं होईपर्यंत वहिनींना काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. घरात माणसं होती, ते बरंच झालं, मला लपायला जागा मिळाली. आज सकाळी पाहुणे गेले. मी गेलो तेव्हा वहिनी अंगणात गोधड्या वाळत घालत होत्या. तुझी सायकल भिंतीला टेकलेली, बेल नसलेली.

"वहिनी, एक सांगायचं राहिलं होतं."

त्यांनी गोधडी दोरीवर सारखी केली आणि ओट्यावर बसल्या. मी सगळं सांगितलं. चढ, छातीवरचा हात, घाम, मोरी, 'घरी बोलू नको'. माझी बेलही सांगितली. माझं 'बरं'सुद्धा. मला वाटलं होतं त्या रडतील, ओरडतील, मला घरातून जा म्हणतील. त्यासाठीच गेलो होतो म्हण. कुणीतरी मला काहीतरी म्हणावं.

त्यांनी तुझ्या सायकलीकडं बघितलं.

"त्यांला आधी बी दोनदा झालं हुतं, भाऊजी."

"कधी?"

"दिवाळीत एकदा. मग परत एकदा, पिठाचा डबा उचलताना. म्या म्हणलं, दवाखान्यात चला. तर म्हणले, ट्रिपवरनं आल्यावर जाऊ. आन्‌ मास्तरला बोलू नको म्हणले. त्याला कळलं तर त्यो लगीच ट्रिप मोडल, त्यो मला जाऊ दिणार न्हाय."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

"त्या दिवशी तुमी दोघं आलाव, तवा त्यांचं त्वांड उतरलं हुतं. त्यांला इच्यारून उपेग नव्हता. म्हणून म्या तुमाला इच्यारलं, कसा झाला रोड. तुमी म्हणलाव, मस्त." पदरानं त्यांनी ओटा पुसला, स्वच्छ असलेला. "म्या म्हणलं, भाऊजी मागं हुते. कायबी असतं तर त्यांला दिसलं असतं. मग म्या मनातनं काढून टाकलं."

त्यात राग नव्हता. त्या मला झालं ते सांगत होत्या, तेवढंच. मग उठल्या आणि म्हणाल्या, "च्या ठिवते." मी चहा प्यालो. साखर बरोबर होती.

तर असं आहे, बिरू. तुला माझी भीती वाटत होती. मी तुला थांबवीन याची. इतका विश्वास होता तुझा माझ्यावर, आणि मला तो तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळला. आपण तिघं एका ओट्यावर बसून चहा पीत होतो. तिघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांना तू वेगवेगळं गप्प बसवलं होतंस. तुझा राग यायला हवा. शोधतोय, सापडत नाहीये. माझाही सापडत नाहीये.

आभार मानायचे राहिले, तेही लिहून ठेवतो. बावीस वर्षं तू मला मास्तर म्हणालास, रिटायर झाल्यावरही. माझी एक बेल कधी वाया जाऊ दिली नाहीस. उगाच वाजलेलीसुद्धा.

वहिनींकडून घरी गेलो नाही. जेवायच्या वेळेपर्यंत बसस्टँडवर बसलो, मग दुपारी उशिरा सायकल घेऊन ढोकीच्या रस्त्याला लागलो. का, ते विचारू नको. आपला चढ उतरून खाली गेलो, ऊन कलल्यावर वळलो. चढ सुरू व्हायच्या जरा अलीकडं माझ्या पुढं एक बैलगाडी चाललेली होती. कारखान्यावर ऊस टाकून माघारी निघालेली, गाडीत उसाचं वाढं, बैलांच्या चाऱ्याचं. गाडीवान आपल्याच वयाचा, मफलर बांधलेला, पाठ माझ्याकडं. मी मागं. माझा अंगठा बेलवर होता.

मी एकदा वाजवली.

गाडीवानानं लगेच कासरा ओढला. बैल थांबले. मान वळवून त्यानं माझ्याकडं बघितलं.

"काय वं? वाढं पडलं का काय?"

मी मान हलवली. नाही. काही पडलं नाही. तो मग चिडला नाही की हसला नाही, खाली उतरला, चाकाला एक दगड लावला आणि माझ्याकडं चालत आला.

"आवं, काय झालं? रडायलाव कशापायी?"

मला चला म्हणायचं होतं. चला म्हणायला बेल दोनदा मारावी लागते. तेवढं मला जमेना. चढ तिथंच पुढं होता, आणि गाडी थांबलेली होती.